तिसऱ्या खांबाची काच

लांजेवार साहेबांचा फोन आला तेव्हा मी चौदाव्या किलोमीटरला माणसं लावून खड्डे बुजवून घेत होतो. सकाळचे पावणेदहा झाले असतील. ते म्हणाले, "मुकादम, पुलाचे दोन गाळे गेले. असतील तेवढे ड्रम उचला आणि निघा. आपल्या बाजूनं एकही गाडी पुढं सोडायची नाही."

खाली कोणी आहे का, असं मी विचारलं. "आधी रस्ता बंद करा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

डांबराचे रिकामे ड्रम आमच्याकडे सहा होते, लाल-पांढरे पट्टे मारलेले. ते ट्रॅक्टरवर टाकले, चार माणसं घेतली आणि निघालो. बेलारी नदीवरचा हा पूल आमच्या देवसरा गावापासून सहा किलोमीटरवर. नऊ गाळ्यांचा, दगडी खांबांचा, माझ्या बापाच्या जन्माआधी बांधलेला. पलीकडे सोनटेका, माझी सासुरवाडी.

बांधकाम खात्यात मी एकतीस वर्षं काढली. आधी मजूर, मग मुकादम. रस्ता बंद करायचं काम किती वेळा केलं त्याला गणती नाही. पुरात करायचो, मोठ्या माणसांच्या दौऱ्यात करायचो, बाभूळ आडवी झाली की करायचो. त्या दिवशीही हात आपले चालत राहिले. ड्रम आडवे लावले, दोर ताणला, दोराला लाल कापड बांधलं. मग पुढं जाऊन पाहिलं. तिसरा खांब नव्हता. त्याच्या दोन्ही अंगाचे गाळे खाली उतरले होते, एक सपाट आणि एक तिरपा, आणि त्यांच्यावरून पाणी जात होतं. पाणी फार नव्हतं, हे मी तेव्हाच पाहिलं. चौथ्या खांबावरच्या पुराच्या खुणा दर उन्हाळ्यात मीच रंगवायचो. धोक्याचा लाल पट्टा दोन हात कोरडा होता.

लोक जमले होते. बोरकुटेची काळीपिवळी खाली गेली असं कोणी सांगितलं, तिच्यामागं एक मोटारसायकलवाला. बोरकुटे देवसऱ्याहून सोनटेक्याला सवाऱ्या न्यायचा. नऊची गाडी अकरा सवाऱ्या भरल्याशिवाय हलवायचा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या मनात तेवढंच आलं, की आजही अकरा असतील.

गाड्या येत होत्या, मी त्या परत फिरवत होतो. एसटीचा कंडक्टर म्हणाला, नोंद कुठं करू, वरून लेखी द्या. एक मोटारसायकलवाला म्हणाला, मी आपला कडेकडेनं निघून जातो. कडच नाही, असं त्याला दाखवावं लागलं. सोनटेक्याच्या बाजारासाठी वांगी भरून आलेला एक ट्रॅक्टरवाला ड्रमांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "वा मुकादम. पूल पडल्यावर ड्रम लावता. खात्याची अक्कल लय पक्की हाय."

मी त्याला ट्रॅक्टर कसा फिरवायचा ते सांगितलं.

साडेअकराच्या सुमाराला हिरामणचा फोन आला. हिरामण माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्यानं विचारलं, "भाऊजी, कुठं हा तुमी?"

"पुलावर."

"मी बी पुलावरच हावो. इकडच्या बाजूनं."

मी नदीपलीकडे पाहिलं. तिकडेही लोकांची गर्दी होती. गर्दीच्या पुढं एक माणूस कानाला फोन लावून उभा होता, त्यानं हात वर केला. मीही केला.

"बाई घरी हाय ना?" तो म्हणाला. बाई म्हणजे त्याची बहीण. माझी बायको, पारबता.

"घरीच हाय. उद्या येनार तुमच्याकडं." हिरामणच्या मुलीच्या बाळाचं बारसं दुसऱ्या दिवशी होतं.

मध्ये पाण्याचा आवाज होता, तो फोनमधूनही येत होता आणि समोरूनही.

"सकाळी तिचा फोन आला होता, भाऊजी. आजच निघतो म्हने. पुरणाले हात लागतीन, तं आजच येतो."

मी म्हटलं, घरी पाहतो. घरी फोन नव्हता, मोबाईल एकच आणि तो माझ्याजवळ. शेजारच्यांना लावला. शेजारीण म्हणाली, कुलूप आहे, माझ्याच फोनवरून भावाशी बोलल्या आणि किल्ली देऊन गेल्या, नऊच्या आधीच.

मग मी हिरामणला फोन केला नाही. तो तिथून माझ्याकडे पाहत होता. मी खाली बसलो, त्यावरून तो समजला असावा. थोड्या वेळानं एक जीप आली. माझी माणसं माझ्याकडे पाहत होती, कोणी हलेना, म्हणून मी उठलो आणि ती परत फिरवली. तीन वाजता लांजेवार साहेबांनी दुसरा माणूस पाठवला तोपर्यंत मी ड्रमांजवळच होतो. लोकांना ते फार विचित्र वाटलं असं मला नंतर कळलं. मला दुसरं काय करायचं ते सुचलं नव्हतं.

पारबता तिसऱ्या दिवशी सापडली, खाली अकरा किलोमीटरवर, बंधाऱ्याच्या भिंतीशी. तीनही दिवस लांजेवार साहेब नदीवर होते. कमरेएवढ्या पाण्यात उतरून दोर धरायचे. त्यांनीच मला ओळख पटवायला नेलं आणि खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सांगायचं आहे.

त्या पुलाच्या तिसऱ्या खांबाला तडा होता. खांबाच्या माथ्याशी, गाळा टेकतो त्याच्या जरा खाली. तडा जुना, माझ्या आधीपासूनचा. तडा जुना असला म्हणजे भ्यायचं कारण नसतं, पण तो वाढतो का ते पाहावं लागतं. त्यासाठी खात्याची एक साधी रीत होती. तड्याच्या आडवी वीतभर काचेची पट्टी ठेवायची आणि दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की करायची. तडा हलला नाही तर काच तशीच राहते. केसभर जरी हलला तरी काच तुटते. काच वाकत नाही, म्हणून तर ती लावायची.

दर वर्षी मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची तपासणी व्हायची. त्याचा छापील तक्ता असतो. झाडझुडूप, कठडे, पाण्याच्या वाटा, खांब. त्यात एक रकाना, काचपट्टी. त्यापुढं शाबूत किंवा तुटली असं लिहायचं.

पहिल्यांदा ती तुटली तेव्हा लांजेवारांच्या आधीचे साहेब होते. त्यांनी तुटली असं लिहून तक्ता वर पाठवला. वरून त्यांनाच प्रश्न आले. हा रस्ता जिल्हा परिषदेकडून खात्याकडे आला तेव्हा पुलाचे नकाशे ताब्यात घेतले होते का. घेतले नसतील तर का नाही. जड गाड्या बंद करायचा प्रस्ताव का दिला नाही. पर्यायी रस्ता कोणता. तो कोणाच्या ताब्यात. वर्षभर ते उत्तरं लिहीत होते. रेतीच्या गाड्या पुलावरून जातच होत्या. वर्ष संपायला त्यांची बदली झाली. फाईल वर राहिली. खांबाला कोणी हात लावला नाही.

मग लांजेवार साहेब आले. पहिल्या तपासणीच्या आठ दिवस आधी ते मला म्हणाले, "मुकादम, मी पाहायला येईन त्याच्या आधी पुलावर सगळं नीटनेटकं करून ठेवत जा." काच बदला असं ते म्हणाले नाहीत. एकदाही म्हणाले नाहीत. मी झुडपं तोडली, कठड्यांना चुना मारला, खुणा रंगवल्या आणि शिडी लावून तिसऱ्या खांबाजवळ गेलो. काच मधोमध तुटलेली होती. मी ती खरवडून काढली आणि नवी लावली. तपासणीच्या दिवशी साहेबांनी खालून दुर्बिणीनं पाहिलं, शाबूत लिहिलं, मी साक्षीदार म्हणून खाली सही केली.

सात वर्षं असंच चाललं. दर मे महिन्यात मला तुटलेली काच सापडायची आणि दर मे महिन्यात साहेबांना शाबूत दिसायची. चुना मारतात तसं ते एक काम झालं होतं. माझ्या पिशवीत काचेच्या दोन-तीन पट्ट्या कायम असायच्या.

तेरवी झाल्यावर तीन-चार दिवसांनी लांजेवार साहेब घरी आले. गाडी गल्लीच्या बाहेर लावून चालत आले. मी चहा टाकायला उठलो तर म्हणाले, राहू द्या, बसा. मग बराच वेळ घराकडेच पाहत होते. शेवटी त्यांनी सांगितलं, की चौकशी अधिकारी नेमलेत, देवस्थळी म्हणून निवृत्त अभियंते आहेत, कडक आहेत, तुम्हालाही बोलावतील. तक्त्यावर तुमची सही आहे.

मी म्हटलं, बोलावतील तर जाईन.

"काचेचं विचारतील."

"सांगीन."

"काय सांगाल?"

"होतं ते."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"डोमाजी," ते म्हणाले. एरवी ते मला मुकादमच म्हणत. "मी आलो त्या प्रत्येक दिवशी काच शाबूत होती. मी जे पाहिलं तेच लिहिलं. माझ्या वरच्यांनी मी लिहिलं ते वाचलं. तुटलेली काच या अख्ख्या खात्यात एकाच माणसानं पाहिली आहे. ती तुम्ही. तुम्ही खरं बोलाल तर त्या कागदावर एकच नाव येईल."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

"मी धमकी देत नाही," ते म्हणाले. "तुमचं एवढं गेलंय. त्यात अजून हे कशाला? तक्त्यात आहे तेवढं सांगा. अतिवृष्टी झाली, पूर आला. सगळे तेच सांगणार आहेत."

"पाणी लाल पट्ट्याच्या खाली होतं, साहेब."

"मलाही माहीत आहे," ते म्हणाले.

जाताना दारात थांबून त्यांनी तिच्या फोटोला हात जोडले.

हिरामण तेव्हा रोज यायचा. पूल नसल्यामुळं चाळीस किलोमीटरचा फेरा घालून यायचा. सोनटेक्याच्या लोकांनी तहसीलवर मोर्चा नेला होता, त्यात तो पुढं होता. गुन्हेगार कोण ते कागदावर आलं पाहिजे, एवढी एकच त्याची मागणी. तो मला म्हणायचा, "भाऊजी, तुमी आतले मानूस हा. तुमाले सगडं ठाऊक असन. तुमी बोलले तं त्यायले पयता भुई थोडी होईन." मी हो म्हणायचो. त्यापुढं बोलणं जायचं नाही. काचेचं मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

जबाबाची तारीख आली तेव्हा तो माझ्यासोबत जिल्ह्याला आला. एकट्यानं कायले जाता, म्हणाला. विश्रामगृहात चौकशी चालू होती. बाहेर व्हरांड्यात लाकडी बाकं होती, तिथं आम्ही दोन तास बसलो. हिरामणनं घरून भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. तिथल्या शिपायानं आम्हाला नळ दाखवला आणि कोणत्या गावचे म्हणून विचारलं. गाव सांगितल्यावर त्यानं आणखी काही विचारलं नाही. हिरामणनं अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, आत गेल्यावर भ्यायचं नाही, आपन काही चोरी केली नाही.

आत देवस्थळी साहेब, एक कारकून आणि टेबलावर संगणक. वीज गेलेली होती. त्या दिवसांत दुपारी तीन-चार तास जायचीच. कारकून हातानं लिहून घेत होता.

देवस्थळी म्हातारे होते, सावकाश बोलायचे. नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं झाली. मग त्यांनी सात वर्षांचे तक्ते माझ्यापुढं मांडले.

"ही सही तुमची?"

"हो."

"सातही?"

"हो, साहेब."

"काच सातही वर्षं शाबूत होती?"

मी म्हटलं, "नाही. सातही वर्षं तुटली होती. तपासणीच्या आधी मी नवी लावायचो."

कारकुनाचा हात थांबला. देवस्थळींनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो परत लिहू लागला. मग त्यांनी एकेक विचारलं आणि मी एकेक सांगितलं. कोणी सांगितलं होतं का बदलायला. नाही. मग का बदलली. तपासणी असायची म्हणून. पहिल्या वेळी तुटली असं लिहिलं त्याचं काय झालं. तेही सांगितलं, ते प्रश्न, ती बदली. हे ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. तसे वरून येणारे प्रश्न त्यांनीही आयुष्यभर लिहिले असतील असं मला वाटलं.

"काच तुटणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळत होतं?"

"हो. मीच नव्या मजुरांना शिकवायचो."

"या वर्षी मे महिन्यात लावली, त्यानंतर पाहिली होती का?"

"जुलैत पाहिली. पुन्हा तुटली होती. आधी वर्ष जायचं, या वेळी दोन महिन्यांत गेली."

"कोणाला कळवलं?"

"नाही."

"का?"

मी विचार केला. खरं उत्तर एकच होतं. "तपासणी मे महिन्यात असते, साहेब."

मग देवस्थळींनी विचारलं, "सात वर्षांत ही गोष्ट तुम्ही कोणाजवळच बोलला नाहीत?"

"घरी बोललो होतो. मंडळीजवळ."

"त्या काय म्हणाल्या?"

"पहिल्याच वर्षी तिनं विचारलं, की काच तुटल्यावर तुम्ही काय करता. मी सांगितलं, नवी लावतो. ती हसली. म्हणाली, 'गंजातलं दूध उतू जाते तं जाळ कमी करा लागते. तुमी गंजच बदलता.'"

कारकुनानं विचारलं, "साहेब, हे लिहायचं का?"

"लिहा," देवस्थळी म्हणाले. "शब्दाला शब्द."

संपलं तेव्हा नऊ पानं झाली होती. मी सहीसाठी पेन मागितलं. कारकून म्हणाला, कच्च्यावर सही घेत नाहीत, टंकलेखन झालेल्या प्रतीवर घेतात. वीज आली की करतो, उद्या सकाळी या. मी देवस्थळींकडे पाहिलं. ते म्हणाले, "पद्धत तशीच आहे. उद्या या." मग उठून उभे राहिले. माझ्यासारख्यासाठी साहेब माणूस उभा राहिलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मी बाहेर आलो. हिरामण बाकावरच होता.

"सांगतलं सगडं?" त्यानं विचारलं.

"सांगतलं."

"कोनाचं नाव घेतलं?"

"माझं."

त्याला ती गंमत वाटली. तो हसायच्या बेतात होता. मी त्याच्याजवळ बसलो आणि काचेचं सांगितलं, आत सांगितलं तेवढंच, त्याच क्रमानं. तो पुढच्या भिंतीकडे पाहत ऐकत होता. मध्येच त्यानं विचारलं, "किती बार?"

"सात बार. आन् जुलैत पुन्हा तुटली ते आठवी."

"बाईले ठाऊक होतं?"

इथं मी थांबू शकलो असतो. आत कोणी हे विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलंही नव्हतं.

पहिल्या वर्षी ती हसली होती, पण त्यानंतर तिनं एक रीत लावून घेतली. माहेरी जायचं असलं की आदल्या दिवशी मला विचारायची, काच कशी हाय. इतर बायका बसची वेळ विचारतात तसं. मी शाबूत म्हटलं की पिशवी भरायची. मी गप्प राहिलो की काहीतरी निमित्त काढून जाणं पुढं ढकलायची, किंवा पुलाच्या अलीकडे उतरून चालत जायची आणि पलीकडे दुसरी गाडी धरायची. चालत्या माणसाचं पुलाले काय वजन, म्हणायची. सात वर्षं तिनं ते असं पाळलं आणि कधी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर माझ्या नोकरीवर आलं असतं.

हे सगळं मी हिरामणला सांगितलं. मग म्हटलं, "बारशाच्या दोन दिवस आधी तिनं विचारलं होतं. मी शाबूत हाय म्हणून सांगतलं."

"तुटली होती तरी?"

"हो."

"काहून?"

"बारसं होतं. तिले हौस होती. गप राहिलो असतो तं ती गेली नसती. आन् इतके वर्षं काई झालं नोतं."

हिरामण बसून राहिला. भाकरीचं फडकं त्याच्या मांडीवर होतं, त्याची त्यानं घडी घातली, मग पुन्हा उलगडून पुन्हा घातली. मला वाटलं तो मला मारेल. मारलं असतं तर मी काही केलं नसतं. तो उठला, फडकं पिशवीत टाकलं आणि म्हणाला, "मी दोनच्या गाडीनं जातो. तुमी उद्या सही करून या."

एवढंच तो बोलला. बसस्टँडवर मी त्याच्यामागं गेलो नाही. त्या रात्री मी जिल्ह्यालाच धर्मशाळेत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामगृहाला कुलूप होतं. शिपाई म्हणाला, वीज रात्री उशिरा आली, साहेबांना पहाटे पुढच्या जिल्ह्यात जायचं होतं, कारकून त्यांच्याबरोबर गेला. कागद सोबत नेले. कळवतील.

महिनाभर वाट पाहून मी त्यांच्या मुख्यालयात गेलो. तिथं सांगितलं, की चौकशीची मुदत संपली, वाढवून मिळाली की तुम्हाला पत्र येईल. मुदत वाढली, पण देवस्थळी साहेबांनी प्रकृतीच्या कारणानं काम सोडलं होतं. नवे अधिकारी आले. त्यांनी मला बोलावलं नाही. मी स्वतः गेलो तर म्हणाले, तुमचा जबाब झालेला आहे, पुन्हा घेता येत नाही. मी म्हटलं, सही राहिली आहे. ते म्हणाले, मग तो झालेला नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच बैठकीत सांगितल्या आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

अहवाल दीड वर्षानं आला. मी माहिती अधिकारात त्याची प्रत घेतली. अतिवृष्टी, अनपेक्षित पूर, पुलाचं वय. काचपट्टी शाबूत असल्याच्या सात वर्षांच्या नोंदी आहेत, म्हणून देखभालीत कसूर दिसत नाही, असं एक वाक्य आहे. ते वाक्य माझ्या सह्यांवर उभं आहे. दोषी कोणी नाही. लांजेवार साहेबांना त्याच वर्षी बढती मिळून ते गेले. मला कोणी निलंबितसुद्धा केलं नाही. मी वेळेवर निवृत्त झालो, खात्यानं नारळ आणि शाल दिली.

हातानं लिहिलेल्या नऊ पानांचं काय झालं, म्हणून मी विचारलं होतं. उत्तर आलं, की विना सहीचा मसुदा अभिलेखात घेतला जात नाही, सबब उपलब्ध नाही. त्यावर अपील केलं. तिथंही तेच आलं.

नवा पूल चार वर्षांनी झाला, जुन्याच्या वरच्या अंगाला, सिमेंटचा. सोनटेक्याला आता पाऊण तासात जाता येतं. मी जात नाही. हिरामणशी माझं त्या बाकानंतर बोलणं झालेलं नाही. त्या बाळाचं लग्न ठरायचं वय होईल अजून सहा-सात वर्षांत, तेव्हा पत्रिका येईल का ते माहीत नाही. तो मला दोष देतो हे ठीकच आहे. पण मी आत जे सांगितलं ते खरंच सांगितलं होतं, याचा पुरावा म्हणून त्याच्यापुढं ठेवायला माझ्याकडं एकही कागद नाही. त्याला तर एवढंच दिसलं असेल, की अहवालात कोणाचंच नाव नाही. माझंसुद्धा नाही.

बारा वर्षं झाली. देवस्थळी साहेब वारल्याचं पेपरात वाचलं. कारकुनाचं नाव मी त्या दिवशी विचारलं नव्हतं. दर वर्षी मे महिन्यात मी एक अर्ज करतो, की मला बोलवावं, मी पुन्हा सगळं सांगायला तयार आहे. पोच मिळते. अशा अकरा पोचपावत्या घरात आहेत.

जबाबावर माझी सही व्हायची राहिली आहे.